भाईचं ‘आजचं आज’

श्रावण नुकताच लागला होता. मी चिपळूणला मुलाच्या घरी सकाळचे तांदूळ निवडत बसले होते आणि फोन वाजला. पलीकडे नंदा, माझ्या मोठ्या भावाची मुलगी. “आत्या, बाबा गेले गं.” मी सूप बाजूला ठेवलं. मग तिनंच सांगितलं. पडवीत बसून चहा प्यायला, कप खाली ठेवला, भिंतीला टेकला, तो टेकलेलाच राहिला. कसली तक्रार नाही, धावपळ नाही... गावी पोचेपर्यंत दुपार झाली. अंगणात पाऊस आणि पावसात माणसंच माणसं. गावची तर होतीच, पण मी कधीच न पाहिलेली कितीतरी माणसं छत्र्या मिटून, डोक्यावर पाणी घेत उभी होती. कुणी जयगडकडून आलेलं, कुणी पार पोफळीच्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीतून. त्यांतल्या एका पिकल्या मिशांच्या माणसाला मी विचारलं, “तुम्ही कोण, भाईचे कोण लागता?” तो म्हणाला, “लागत काय नाय. पन भाईंनी मना घरी परत धाडला होता.” या एवढ्या वाक्यात माझ्या भावाचं चरित्र आहे. पण ते मी सांगितल्याशिवाय कुणाला कळायचं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं गाव रत्नागिरीहून जयगडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला. भाई जांभ्याचे चिरे वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होता. सहा फूट उंच, खांदे रुंद, आणि शिमग्यात ग्रामदेवीची पालखी नाचवावी तर भाईनंच. पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर आला की ढोलवालेसुद्धा सरसावून बसत. पालखी खांद्यावरून डोक्यावर, डोक्यावरून पुन्हा खांद्यावर अशी फिरायची, की पाहणाऱ्याला वाटावं देवीच त्याला नाचवते आहे. मुंबईहून सुट्टी काढून आलेले चाकरमानी त्याच्याभोवती कडं करून उभे राहत. मी त्या कड्यातून डोकं घालून पाहायची आणि शेजारणीला सांगायची, तो माझा भाई.

त्याला दारू कशी लागली, हे पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे सांगितलं. वडील गेले म्हणून, ट्रकवरची संगत म्हणून, कुणी तर करणीवर घातलं. तो स्वतः पुढे सरळ सांगायचा, “आवडायची म्हणून प्यायचो. नंतर आवडायची बंद झाली, तरी प्यायचो.” ऐंशी-एक्याऐंशीपर्यंत ती पहाटेच सुरू व्हायला लागली होती. ट्रक एकदा भाताच्या खाचरात गेला, माणूस कुणी दगावलं नाही हे नशीब, पण मालकानं चावी काढून घेतली. आणि त्याच वर्षी शिमग्यात, देवळासमोर, भर गर्दीत भाईचा पाय अडखळला आणि पालखी कलंडली. चारजणांनी धावून ती सावरली. ढोल थांबले. शिव्या कुणी दिल्या नाहीत. गावकरांनी, म्हणजे आमच्या गावच्या मुख्य मानकऱ्यांनी, त्याच्या खांद्यावरून दांडा हळूच काढून दुसऱ्याच्या खांद्यावर दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं... पुढच्या वर्षी त्यांनी आधीच निरोप धाडला, ‘भाईला म्हणावं, यंदा नको.’ पावसाच्या आधी वहिनी लहान नंदाला कडेवर घेऊन माहेरी, खाडीकाठच्या गावी निघून गेली.

तेव्हा मी गावच्या शाळेत शिक्षिका होते. आमचे मुख्याध्यापक कांबळे गुरुजी बौद्धवाडीत राहत. शांत, पांढऱ्या शुभ्र लेंगा-सदऱ्यातले. तरुणपणी तेही पीत असत, हे त्यांनीच मला एकदा मधल्या सुट्टीत सांगितलं. एके दिवशी ते म्हणाले, “बाई, तुमच्या भावाला संध्याकाळी माझ्याकडे धाडा. उपदेश करणार नाही म्हणावं.” भाई जाईल असं मला वाटलं नव्हतं. पण त्या दिवसांत त्याच्याशी बोलणारंच कुणी उरलं नव्हतं, म्हणून असेल, तो गेला. दिवेलागण ही त्याची सगळ्यात वाईट वेळ. हात कापायचे, घशाला कोरड पडायची. नेमकी त्याच वेळी गुरुजी त्याला घेऊन सड्यावर, वरच्या उघड्या कातळावर फिरायला जात. वाडीत कुजबुज सुरू झाली, रोज तिकडे जातो, त्यांच्या घरचा चहा पितो. भाई म्हणाला, “इतकी वर्षं काय पीत होतो ते कुनी बघितलान नाय. आता चहा बघतायत.”

त्या फिरण्यात काय होतं, ते भाईनं मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. पहिल्या दिवशी त्यानं गुरुजींना विचारलं होतं, “गुरुजी, जन्मभर कशी सोडू? मना नाय जमनार.” गुरुजी म्हणाले, “जन्मभराचं कोण विचारतंय? आता प्यायला आहेस का?” “नाय.” “पायाखाली काय आहे?” “कातळ.” “कसा लागतो?” दिवसभर तापलेला कातळ, भाईच्या पायात चपला नव्हत्या. तो म्हणाला, “गरम.” “मग तेवढंच बघ. तू उद्यात जातोस आणि तिथे बाटली भेटते. नाहीतर काल-परवात जातोस, तिथे लाज भेटते. दोन्हीकडून गुत्त्याचीच वाट आहे. इथे कातळावर फक्त कातळ आहे.” भाई सांगायचा, “तेव्हा मना काय समजलं नाय. पन पाय भाजत होते, म्हनून तेवढ्यापुरता बाटलीचा विचार गेला होता, हे खरं.”

हात थोडे स्थिर झाल्यावर तो एका रविवारी एसटीनं वहिनीच्या माहेरी गेला. वहिनी उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, “वचन द्यायला आला असाल तर देऊ नका. वचनं पुष्कळ झाली.” भाई म्हणाला, “वचन नाय आनलेला. आज प्यायलो नाय, तेवढं सांगायला आलो.” आणि परत फिरला. पुढच्या रविवारी पुन्हा गेला, तेच सांगितलं, पुन्हा परत फिरला. त्या घरची माणसं आधी हसत, मग हसेनाशी झाली. किती रविवार असे गेले कुणास ठाऊक. भातकापणी झाली आणि एका रविवारी वहिनी नंदाला घेऊन त्याच्याबरोबर गाडीत बसली. मी तिला विचारलं, विश्वास कसा बसला? ती म्हणाली, “बसला नाही. पण प्रत्येक रविवारी तो खरं बोलला होता.”

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. एका लग्नात तो प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुऊन स्वतःच गुरुजींच्या दारात गेला आणि म्हणाला, “गुरुजी, काल घेतली.” गुरुजी अंगण झाडत होते. त्यांनी झाडू भिंतीला लावला. “काल गेला. आज आहे ना?” दोघं भर उन्हात सड्यावर गेले. घरी वहिनीनं त्याच्यापुढे चहा ठेवला. त्यानंतर त्यानं कधीही घेतली नाही. त्याला तसं म्हटलेलं आवडायचं नाही, ‘कधीही’ हा शब्द तो वापरू द्यायचा नाही. आता तो नाही, म्हणून मी वापरते. मला तो वापरण्याचा अभिमान आहे.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा शिमगा असेल. तोवर मालकानं ट्रकही परत दिला होता. होळीच्या आधी गावकर घरी आले. पडवीत बसले, सुपारी कातरली आणि म्हणाले, “भाई, यंदा खांदा देनार काय?” वहिनी दारामागे, मी तिच्यामागे. भाईनं लगेच होकार दिला नाही. म्हणाला, “तवाचं आता कसं सांगू? त्या दिवशी विचारा.” गावकर जरा वैतागले, पण त्या दिवशी देवळासमोर त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, आणि भाईनं खांदा पुढे केला. ढोल सुरू झाले. पहिल्या फेरीला सगळ्या कड्याच्या नजरा त्याच्या पावलांवर. भाईचे डोळे अर्धे मिटलेले. तो पूर्वीसारखा उसळत नव्हता. सावकाश, एकेक पाऊल पुरतं टेकवून नाचत होता. आणि पालखी पाण्यावर होडी डोलावी तशी डोलत होती. मग कुणीतरी आरोळी ठोकली आणि सगळं कडं हललं. वहिनी नंदाला उचलून वर धरत होती, दिसावं म्हणून. मी रडत होते.

नाचून झाल्यावर मित्रांनी देवळामागे बोलावलं. त्यानं हात जोडले, “आज नको,” आणि घामानं भिजलेल्या सदऱ्यानिशी सरळ बौद्धवाडीत गेला. मीही मागून गेले. गुरुजींचा पालखीशी काही संबंध नव्हता, त्यांचा मार्ग वेगळा. पण त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “कसा नाचलास?” भाई म्हणाला, “गुरुजी, नाचताना दुसरं काय सुचलाच नाय.” गुरुजी हसले. “मग बरोबर नाचलास.”

पुढे गुरुजी वारल्यावर दारू सोडू पाहणारी माणसं भाईकडे येऊ लागली. कुणाची बायको धाडायची, कुणाची आई. त्यानं कधी भाषण केलं नाही, कुणाला देवासमोर शपथ घ्यायला लावली नाही. म्हातारपणी गुडघे दुखायला लागले, सड्यावर जाणं होईना, तेव्हा त्यानं पडवीत एक फणसाच्या लाकडाचा बाक करून घेतला. दिवेलागणीला तो एका टोकाला बसायचा, आलेला माणूस दुसऱ्या टोकाला. “आज घेतलीस?” एवढंच विचारायचा. मग दोघं काळोख पडेपर्यंत पाऊस नाहीतर पाखरं ऐकत बसायचे.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आत निरांजन लावत होते, तर अंगणात पस्तिशीचा एक माणूस उभा. दाढी वाढलेली, हात थरथरत होते ते मागे लपवलेले. त्याला काही ठाऊक नव्हतं. “भाई हायत?” त्यानं विचारलं. मी दाराशी येते तोवर वहिनी चुलीपासून उठून बाहेर आली. पदरानं हात पुसले. “भाई नाहीत. वारले,” ती म्हणाली. तो माणूस जायला वळला. वहिनी बाकाच्या त्या टोकाला, भाईच्या जागी बसली.

“थांब. आज घेतलीस?”

“नाय... अजून नाय.”

“मग बस.”

तो बसला. मी दोघांना चहा दिला आणि आत आले. बाहेर पाऊस पडत होता, आणि बाकावर कुणी काही बोलत नव्हतं.