पोटातली गोधडी

मी पेशी वाढवते. शहराबाहेर, सिमरोलजवळच्या कॅम्पसमध्ये आमची प्रयोगशाळा आहे, तिथे अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी. याहून जास्त मी सहसा कुणाला काही सांगत नाही, कारण सांगितलं की लोक लगेच म्हणतात, म्हणजे तुम्ही औषध शोधताय, आणि मला त्याचा संताप येतो. औषध नाही शोधत. या पेशी एका जागेवरून दुसऱ्या जागी कशा जातात, तेवढंच बघते.

परिषदेत भाषण द्यायचं असलं की त्याची तालीम मी शहरातल्या आमच्या छत्रीबागेतल्या घरी, आईसमोर करायची. आई हिंदी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. इंग्रजी तिला येत नव्हतं. पण शेवटच्या बाकावरच्या पोरीला कळलं नाही तर शिकवणं फुकट, असं तिचं ठाम मत, आणि माझ्या तालमीत ती स्वतःच शेवटच्या बाकावर बसायची. पुढ्यात मटार. मी इंग्रजीत बोलायची. शब्द अडला की ती सोललेल्या शेंगेचं टरफल माझ्या अंगावर फेकायची. "हे काय? मराठीत सांग. नाही तर हिंदीत सांग, पण सांग." भाषण संपेपर्यंत माझ्या पायाशी हिरवा कचरा साठायचा आणि तो मलाच झाडावा लागायचा.

अशी ती सगळं शिकली. 'असायटिस' म्हणजे पोटात साठणारं पाणी. बाकीचे बरेच कॅन्सर रक्तातून दूर जातात, हा मुख्यतः पोटातल्या पाण्यातूनच पसरतो. अंडाशयावरून पेशी सुटतात. खरं तर सुटलेली एकटी पेशी मरायला हवी, आधार गेला की मरायचं हा शरीराचा नियम आहे. पण या एकमेकींना धरून गोळे करतात आणि गोळ्यात तग धरतात. 'ओमेंटम' म्हणजे जठरापासून खाली लोंबणारा, आतड्यांवर पसरलेला चरबीचा थर. "म्हणजे पोटातली गोधडी," आई म्हणाली होती, आणि तेव्हापासून मीही मनात तेच म्हणू लागले.

गोळे तरंगत त्या गोधडीपाशी येतात. पेशींच्या अंगावरचं एक प्रथिन गोधडीच्या पातळ अस्तरावरच्या दुसऱ्या प्रथिनात अडकतं. मग आणखी काही प्रथिनं पकड घट्ट करतात, अस्तराच्या पेशींना खेचून बाजूला सारतात, आणि खाली चरबी असते. चरबीच्या पेशी आपला साठा या पाहुण्यांना देऊन टाकतात. त्यावर या फोफावतात.

"म्हणजे घरातलेच खाऊ घालतात?" आई म्हणाली होती. "ऐसे कैसे?"

"असंच," मी म्हटलं होतं.

भाषणाच्या शेवटी पुढे काय करता येईल ते सांगायचं असतं. त्यावर तिचा फार कटाक्ष. "शेवट आशेचा कर गं, लोकांना जेवायला जायचं असतं."

मग तिचं पोट फुगायला लागलं. ती म्हणाली गॅस आहे, दादा म्हणाला तळलेले गराडू खाणं बंद कर. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, तुकोगंजात एका ऑफिसात आहे. मी कॅम्पसमधून सुट्टीला आले, तिच्या पोटावर हात ठेवला आणि हाताखाली पाणी हललं. दुसऱ्याच दिवशी तिला सोनोग्राफीला नेलं.

रिपोर्ट आले तसा दादा मला जिन्यात घेऊन गेला. "आईला काहीच पता नाही लागला पाहिजे. समझली? बाबांना त्यांच्या आजारात सांगितलं होतं, त्यांनी जेवणच सोडलं."

ते खरं होतं, म्हणून मी हो म्हटलं. आमच्या घरांत रीतच आहे ही. रोग्याला सोडून सगळ्यांना रोग ठाऊक असतो, समोरच्या काकूंनासुद्धा. त्यात प्रेम असतं हे मी नाकारत नाही.

डॉक्टरांच्या खोलीत दादा आधीच म्हणाला, "सर, इंग्लिशमध्ये बोलू या." डॉक्टर समजले. आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. असायटिस, डॉक्टर म्हणाले. ओमेंटम, म्हणाले. खूप पसरलंय, म्हणाले. दादा मान हलवत होता, पण त्यातले निम्मे शब्द त्याला कळत नव्हते. माझ्या तालमी चालायच्या तेव्हा तो ऑफिसात असायचा. त्या खोलीत डॉक्टरांखेरीज आम्हा दोघींनाच सगळं कळत होतं. मी आईकडे पाहिलं. तिचा हात हळूच बेंबीवर आला होता आणि तिथेच राहिला.

"पाणी झालंय थोडं, आई," बाहेर आल्यावर दादा म्हणाला. "निघून जाईल."

"हो का," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा ऑफिसला गेल्यावर ती स्वयंपाकघरात येऊन बसली. "तुझं ते भाषण म्हण. गोधडीचं."

"आई, आत्ता नको."

"मग कब? अगं, सुया टोचून घ्यायच्या की नाही, पोट फाडून घ्यायचं की नाही, हे मी ठरवणार की तुम्ही दोघं?"

मी दादाला दिलेला शब्द मोडला. भाषण म्हटलं, सगळं मराठीत. पाणी, गोळे, अस्तर, पकड, चरबी. तिच्या पुढ्यात मटार नव्हते, हात पोटावर होते. एकही टरफल अंगावर आलं नाही.

"ती पकड सोडवता येते?" तिने विचारलं.

"काचेच्या ताटलीत येते."

"आणि पोटात?"

"ऑपरेशनने गोधडी काढतात. औषधाने बऱ्याच पेशी मरतात. काही गोळ्यांत दडून राहतात आणि बहुतेक वेळा परत येतात."

मग मी सवयीने शेवटाकडे वळले, पुढे काय करता येईल त्याकडे. तिने हात वर केला.

"ते राहू दे. ते जेवायला जाणाऱ्यांसाठी असतं."

मी ओट्याला धरून रडले. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "एकदा करू ऑपरेशन, औषधही घेऊ. परत आलं तर मला ओढत न्यायचं नाही. तेव्हा तू बोलायचं. आणि मला ठाऊक आहे हे दादाला सांगू नको. लहानपणापासून त्याला वाटतं तो मला सांभाळतो. खचेल तो."

ऑपरेशन झालं. गोधडी काढली. केमोला दादा 'ताकदीची सलाईन' म्हणायचा. केस गेले तेव्हा आई माझ्याकडे बघून म्हणाली, "ताकदीने केस जातात वाटतं." दादा घाईघाईने हो म्हणाला.

काही महिने बरे गेले, मग पाणी परत भरलं. दादाला पुन्हा सलाईन हवी होती. आई म्हणाली, "बस झालं रे, थकले मी." ठरल्याप्रमाणे मी बोलले. नको म्हटलं. दादाने मला जिन्यात गाठलं. "रोज तेच बघतेस ना लॅबमध्ये, पत्थर झालीस तू." मला सांगायचं होतं की हे माझं नाही, तिचं ठरलंय. तोंडाशी आलेलं गिळलं.

ती घरीच गेली. शेवटच्या दिवसांतही दादा तिच्या उशाशी बसून म्हणायचा, "दो-चार दिन की बात है, आई, उतरेल सूज." ती त्याचा हात थोपटायची. भेटायला आलेले म्हणायचे, किती शूर आहेत, कशा लढताहेत. लढत बिढत नव्हती ती. मुलाला जपत होती.

तेरावा झाल्यावर माणसं पांगली. दादा सतरंजीची घडी घालायला आला, आम्ही दोघांनी दोन टोकं धरली. त्याचे डोळे सुजलेले होते.

"एक बरं झालं," तो म्हणाला. "शेवटपर्यंत तिला पता नाही लागला. तेवढं तरी आपण केलं."

"हो, दादा," मी म्हटलं.