कापसाला भेंडीची पानं

रोटाव्हेटर जोडलेला ट्रॅक्टर बांधावर घरघरत होता आणि मी पोहोचताच मधुकर नाना म्हणाले, "साहेब, तुम्ही उनात ते बरं व्हयनं. आते मोडू का नको, इतलंच सांगा."

मोडायचा होता तो नानांचा कापूस. अमळनेरजवळचं गाव, मे महिना सरत आलेला. मे महिन्यात कापूस लावू नका, बोंडअळीला आयतं घर मिळतं, असं मी कृषी पर्यवेक्षक या नात्याने दर उन्हाळ्यात सांगतो. दर उन्हाळ्यात लोक हो म्हणतात आणि ठिबकवर कापूस लावतात. नाना तर दोनदा हो म्हणाले होते.

शेतात शिरलो. कापसाचं पान पंजासारखं रुंद असतं. इथे शेंड्याची पानं अरुंद, लांबुडकी, भेंडीच्या पानासारखी कातरलेली.

"व्हायरस शे," नाना म्हणाले. "बठ्ठा गाव म्हनस. आज मोडा नही, ते शेजारना वावरमा जाई."

नाना खरंच घाबरले होते. हे पीक मोडलं तर विहिरीचं आजवर दिलेलं पाणी फुकट, आणि पुढची पेरणी पावसाच्या भरवशावर. तरी शेजाऱ्याचं शेत वाचावं म्हणून त्यांनी ट्रॅक्टर बोलावला होता. माणूस भला, पण घाईचा.

मी वावराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. विहिरीकडच्या ओळी सगळ्यात वेड्यावाकड्या. पुढे पुढे बिघाड कमी होत गेलेला. पलीकडच्या बांधाजवळचा कापूस तर ठणठणीत. मला हसूच आलं. व्हायरस असा रांगेने, शिस्तीत चालत नाही. तो इथे एक झाड, तिथे चार झाडं असा कुठेही उगवतो. शिस्तीत चालतो तो पाठीवर पंप घेतलेला माणूस.

"फवारणी कोणी केली?"

नानांनी सुरेशकडे पाहिलं. हा त्यांचा नवा सालदार, म्हणजे वर्षभराचा गडी. आमच्याकडे सालदार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बदलतात. जुना निघतो, नवा येतो.

"मीच करी साहेब, फुलकिडासवर," सुरेश म्हणाला. "विहीरकडथून सुरू करी."

"कुठल्या पंपाने?"

"दारपाशी टांगेल व्हता, त्यानी."

न्याहारी घेऊन आलेल्या अक्कांनी, नानांच्या पत्नीने, कपाळावर हात मारला. "माय व! तो ते ज्वारीना तणना पंप!"

उलगडा झाला. ज्वारीतलं तण मारायला टू-फोर-डी नावाचं औषध वापरतात. ते रुंद पानांच्या झाडांना मारतं, ज्वारीला हात लावत नाही. कापूस पडला रुंद पानांचा. पंपाच्या नळीत उरलेलं औषधही त्याला सोसत नाही. पहिल्या टाकीत ते जास्त गेलं, शेवटच्या टाकीपर्यंत पंप आपोआप धुतला गेला. नानांकडे पंप दोन, आणि कुठला कशाचा हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच नव्या माणसाला ते कोणी सांगितलं नाही.

नाना सुरेशवर घसरणार, तोच अक्कांनी अडवलं. "त्याले कोनी सांगं? तुम्ही सांगं का? मी सांगं का?"

नाना हळूच मला म्हणाले, "मंग, मोडू का नको?"

"अजिबात नको. शेंडे जिवंत आहेत. ठिबकमधून पाणी आणि थोडं खत द्या, मृग लागेपर्यंत थांबा. नवी पानं सरळ आली नाहीत तर मी स्वतः ट्रॅक्टर घेऊन येतो."

"तुमले ट्रॅक्टर चालाडता येस?"

"नाही. म्हणूनच एवढ्या खात्रीने सांगतोय."

नाना हसले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. ट्रॅक्टरवाल्याला अक्कांनी भाकर-ठेचा खाऊ घालून वाटेला लावलं.

मृगाच्या तोंडावर मोबाइलवर फोटो आला. शेंड्याला नवी पानं, चांगली पंजाएवढी रुंद. विहिरीकडच्या ओळी जरा मागे राहिल्या होत्या, पण पीक उभं राहिलं. मला इतका आनंद झाला की ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. कारण विचारल्यावर मी फोटो दाखवला, तर एकजण म्हणाला, "यात काय, कापूसच आहे की."

आम्हा सरकारी माणसांची बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. किल्ल्या, फायली, मोडकी खुर्चीसुद्धा सही घेऊन ताब्यात देतात. सालदार बदलला की आपण जुन्याला निरोप देतो, नव्याला जेवू घालतो आणि थेट वावरात पाठवतो. हल्ली आखाजीआधीच्या बैठकांत मी किडी-रोगांचं भाषण आवरतं घेतो आणि एवढंच सांगतो: जुना सालदार निघण्याआधी त्याला नव्याकडे चार्ज द्यायला लावा. सही नको. पंप दाखवला तरी पुरे.