मागच्या भिंतीतला पट्टा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नव्हतो. बायकोपाशीसुद्धा नाही. आज सकाळी एका बाईंना सांगितलं. आता लिहितो आहे—कारण कोण जाणे, मी बांधलेल्या त्या एका खोलीत तुम्हीही कधी झोपून गेला असाल.

मी मातीची घरं बांधतो. लातूरकडे हे काम करणं म्हणजे काय, ते इथल्याच माणसाला कळेल. भूकंपात आमची माणसं गेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली. त्यामुळे निलंग्याजवळ एका शेतावर पर्यटकांसाठी मातीच्या विटांच्या खोल्या बांधायला घेतल्या, तेव्हा बांधावरून जाणारे हटकायचे, "काय साहेब, पुन्हा मातीत घालता का आम्हाला?" मी हसायचो. सांगायचो—दोष मातीचा नव्हता, भिंती एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या. दारं-खिडक्यांच्या वरून, चारी भिंतींतून एक लाकडी पट्टा फिरवायचा, कोपऱ्यांत घट्ट अडकवायचा. कमरेच्या करदोड्यासारखा. मग जमीन हलली तरी भिंती एकमेकींना धरून राहतात.

हे खरं आहे. आजही खरं आहे. म्हणूनच तर—

थांबा, आधी अक्कांबद्दल सांगतो. पार्वतीअक्का, त्या शेताच्या मालकीण. भूकंपात त्यांची धाकटी बहीण भिंतीखाली गेली. दोघी एकाच वाकळीत झोपलेल्या, या वाचल्या. तेव्हापासून अक्का पत्र्याच्या शेडमध्येच झोपायच्या. वैशाखात अंग भाजून निघायचं, तरी तिथंच. "पावण्यांसाठी खोल्या बांधा," म्हणाल्या, "मला त्यात झोपा म्हणू नका."

आता ती शेवटची खोली. तीन भिंतींवर पट्टा बसला होता, मागच्या भिंतीचं लाकूड आलं नव्हतं. मी त्या दिवशी नांदेडला होतो. कशासाठी? मातीची घरं किती सुरक्षित असतात, यावर बोलायला! मिस्त्रीचा फोन आला: "थांबू का?" उद्घाटन तोंडावर होतं. मी म्हणालो, "चढवा भिंत, आल्यावर बघतो." काय बघणार होतो? परतलो तेव्हा भिंत वरपर्यंत गेली होती, छपराचं काम चालू होतं. ती उतरवायची म्हणजे गावासमोर उतरवायची. बांधावरचे ते चेहरे माझ्या डोळ्यांपुढं आले—आणि मी म्हणालो, "गिलावा करा." शेणमातीचा देखणा गिलावा. त्याच्या आत काय आहे, काय नाही, कुणाला दिसतं?

उद्घाटनाला अक्का त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"दादा, करदोडा चारी बाजूंनी फिरवला ना?"

मी आत होतो. मागच्या भिंतीवर हात टेकला—त्याच भिंतीवर—आणि म्हणालो, "फिरवला, अक्का."

त्या आत आल्या.

पाहुणे आले, गेले. पुण्याची, हैदराबादची, लहान लेकरं घेऊन आलेली. पुढं अक्कांनी ती खोली स्वतःलाच ठेवून घेतली. "लई गार हाय. इतक्या वर्षांनी सुखानं झोपले," फोनवर म्हणाल्या. खाट मागच्या भिंतीला लावली होती. त्यानंतर माझी झोप गेली, ती गेलीच. रस्त्यावरून ट्रक गेला तरी मी तांब्यातलं पाणी हलतंय का ते बघायचो. अक्का मुक्कामाला बोलवायच्या. मी काहीतरी कारण काढायचो. ज्या खोलीत मी एक रात्र काढायला भ्यायचो, तिथं त्यांना रोज झोपू देत होतो. याला काय म्हणाल तुम्ही?

परवा पहाटे जमीन गुरगुरली. मांडणीवरची भांडी वाजली. मी अंगणात पळालो, आणि घरातली माणसं मागं राहिलीत याचंही भान राहिलं नाही—डोळ्यांपुढं तेवढी एकच भिंत. फोन वाजला. अक्कांचं नाव दिसलं, आणि तो उचलायची छाती होईना. शेवटी उचलला.

"दादा, मी भ्याले न्हाई. उठले पण न्हाई. भिंतीला हात लावून पडून राहिले. तुमचा करदोडा हाय की."

"हो," मी म्हणालो.

तेव्हाही "हो" म्हणालो!

आज सकाळी गेलो. अक्का ओसरीवर तूर पाखडत होत्या. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सूप खाली ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "कोणती?" मी आत जाऊन दाखवली. ती उतरवून पुन्हा बांधतो, असं काहीबाही मी बोलत होतो; त्यांचं लक्ष भिंतीकडंच होतं. मग त्यांनी अंथरुणाची गुंडाळी काखेत घेतली आणि खाटेचं एक टोक धरलं. दुसरं धरायला मी वाकलो.

"राहू द्या, साहेब."

दादा नाही. साहेब.

खाट त्यांनी एकटीनंच ओढत उंबऱ्याबाहेर काढली, अंगणातून पत्र्याच्या शेडकडं नेली. मी त्या भिंतीपाशी उभा होतो.