गर्भातल्या शेजारणी

आई मंगळवारी गेली. परळच्या प्रयोगशाळेत माशांच्या टाक्यांचा ओलसर वास आला, की तिने इथे काढलेली एक दुपार आठवते. तेव्हा मी इथे माशांवर पीएचडी करत होते, आणि वडील म्हणत होते, "मासे पुरेत, नोकरी धर." आई मात्र आधी काम बघायला आली. सूक्ष्मदर्शकाखाली माशाचा काचेसारखा गर्भ होता. मी सांगितलं, "आतड्यातली एखादी पेशी चिकट स्राव करायचं ठरवते आणि शेजारणींना इशारा देते, की तुम्ही अन्न शोषा." आई हसली. "आमच्या चाळीसारखंच गं! गौरीच्या सणाला मी घावनं करते म्हटलं, की शेजारीण वड्यांकडे वळते." घरी येऊन तिने वडिलांना ताठ मानेने सांगितलं, "पोरीचं काम मी बघून आले. तिला कोणी अडवायचं नाही." आता आई नाही, आणि मी संशोधक आहे.