कोपऱ्यातला खांब

चार वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका सकाळी, आमच्या अंगणाचे लाकडी कुंपण कोसळले. फुले तोडताना आईने त्याला हात टेकला होता. तिचा खुबा मोडला. एवढे आमच्या कॉलनीत सर्वांना ठाऊक आहे. उरलेले मी कोणालाही सांगितलेले नाही — बायकोलाही नाही.

आधी घटना, मग कारण. वर्तमानपत्रात मी आयुष्यभर तसेच लिहिले. इथे कारणाशी हात का अडतो?

कुंपण घातले ते पडण्याच्या तीन वर्षे आधी, घर नवे असताना. बारा खांब होते. ते रंगवून रोवायचे काम मुकुंदवाडीच्या उत्तम पेंटरकडे होते. कॉलनीतली निम्मी घरे त्यानेच रंगवलेली. त्याने खांबांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, एक सोडला तर समदे ओले हायेत. पंधरा दिस उन्हात पडू द्या. मग बुडाला डांबर, वर जवसाचं तेल पाजू. आत्ताच ऑइलपेंट मारला तर वरून नवरदेव, आतून भुसा."

वास्तुशांत चार दिवसांवर होती. मला पाहुण्यांसमोर पांढरे, चकचकीत कुंपण हवे होते. वाळलेल्या एका खांबाला त्याने डांबर लावलेही होते — तेवढ्यात मी आलो. काळे डाग नकोत, म्हणालो. ऑइलपेंटचे दोन हात मार, परवा रोवून टाक.

"मारतो. पन पडलं तर माझं नाव घेऊ नका," तो हसत म्हणाला.

मी घेतले. आईला दवाखान्यात नेले त्या दिवशी शेजाऱ्यांनी विचारले, कुंपण पडलेच कसे? मी म्हणालो, पेंटरने डांबर लावले नाही. वाक्य खरे होते — अकरा खांबांपुरते. का लावले नाही, एवढेच मी गाळले. काय गाळायचे, हे मला शिकवावे लागत नाही.

आई घरी आली त्या आठवड्यात उत्तम आला. शेजारी जमलेले होते. "साहेब, डांबर नको कोन म्हनलं? कोपऱ्यातला खांब दाखवा की समद्यांना. त्याला लावलंय मी."

सगळे खांब भंगारात गेले, असे मी सांगितले. अकरा गेले होते. बारावा आदल्या दिवशी मी स्वतः गच्चीवर नेऊन ठेवला होता. का ठेवला? कोणी पाहू नये म्हणून. दुसरे कारण नाही.

तो आईकडे वळला. "मावशी, तुम्हाला तरी पटतं का हे?"

इतकी वर्षे त्याला चहा देणाऱ्या आईने तोंड फिरवले. मी तिथेच उभा होतो. एक वाक्य पुरले असते.

त्यानंतर कॉलनीत त्याला कोणी काम दिले नाही. आई गेल्या वर्षी वारली. शेवटपर्यंत ती त्यालाच दोष देत होती.

खांब गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे आहे. आज सकाळी पाहिला. रंगाचे पोपडे निघाले आहेत. डांबर लावलेले बूड शाबूत आहे.