सांगावं न लागणारी बाई

सरलाबाईचं कौतुक सगळे एकाच वाक्यात करत. "तिला सांगावं लागत नाही."

सासूने अंगणात येऊन "आज ऊन काय कडक पडलंय" म्हटलं, की सरलाबाई पापडाचं पीठ भिजवायला घ्यायची. नवरा पहिला घास घेऊन "घरातलं मीठ संपलं का?" विचारायचा. मीठ संपलेलं नसायचं. ती पुढच्या घासाच्या आत वाटीत मीठ घेऊन हजर व्हायची. अशी बाई घरात असली की घरातल्यांना तोंड उघडायचेही कष्ट पडत नाहीत.

नवरा गेला, मूलबाळ झालेलं नव्हतं. त्याच वर्षाअखेर सुरतेत दगाची, म्हणजे तिच्या धाकट्या दिराची, बायको तापाने वारली. तिच्या दिवसकार्याला दगा गावी आला तेव्हा दारात उभं राहून एवढंच म्हणाला, "वहिनी, वाल्मिक रातले झोपत नही." सरलाबाईने वळकटी बांधली आणि त्याच्यामागे सुरतेतल्या गोडादऱ्याला आली. वाल्मिक तेव्हा अंगावरचं दूध नुकतंच सुटलेला पोर होता. तिने त्याला वाढवला, शाळेत घातला, त्याचं लग्न लावलं. या सगळ्यात "वहिनी, माझं पोर सांभाळ" हे वाक्य कुणी कधी उच्चारलं नाही. ती त्यात भूषण मानायची. कुणी मागितलंच नव्हतं, म्हणून दिल्याचीही नोंद कुणाच्या मनात नव्हती, हे तिच्या लक्षात यायला फार वर्षं गेली.

गल्लीकडे दार असलेल्या पुढच्या खोलीत तिची खाट. दिवसभर तिथेच बसून ती साड्यांना टिकल्या चिकटवायची. मार्केटमधून साड्यांचं पोटलं यायचं, टिकल्या लागल्या की परत जायचं. काम हातचं होतं आणि हात अजून थरथरत नव्हते.

या उन्हाळ्यात वाल्मिकच्या बायकोचं, नूतनचं, बोलणं बदललं.

"भाईदासमामांचा फोन होता," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. भाईदास म्हणजे सरलाबाईचा भाऊ, शिंदखेड्याकडे राहणारा. "तुमची फार आठवण काढत होते."

सरलाबाईला तिथेच कळलं. आठवण काढायची भाईदासची जात नव्हती. पुढच्या आठवड्यात गावाकडची हवा गुडघ्यांना चांगली असते, असं निघालं. मग म्हातारपणी माणसाला माहेरची माणसं बरी, असं दगा भिंतीकडे बघत बोलला. सरलाबाईने जुन्या सवयीने मनातल्या मनात आवराआवर सुरू केली. कुठलं लुगडं न्यायचं, कुठलं इथेच टाकायचं, पोटलंवाल्याला काय सांगायचं. एवढं सुचवून झाल्यावर न समजणं तिला जमण्यासारखंच नव्हतं.

अडवलं ते चैतालीने. चैताली नूतनची पोरगी, दुसरीतली. दुपारी टीव्हीसमोर बसली होती. नूतन आतून येत म्हणाली, "तुझे डोळे दुखत नाहीत का गं?"

"नाही," पोरगी म्हणाली.

"पुस्तकाला आज सुट्टी आहे वाटतं?"

"पुस्तकाला कसली सुट्टी?"

पाठीत धपाटा बसला आणि टीव्ही बंद झाला. नूतन आत गेल्यावर पोरगी खाटेजवळ आली. रडत नव्हती, नुसती चिडली होती.

"आजी, तिने विचारलं म्हणून मी सांगितलं. मारलं कशाला?"

"ती विचारत नव्हती गं. टीव्ही बंद कर म्हणत होती."

"मग तसं का नाही म्हटली?"

"मोठी माणसं तसं बोलत नाहीत. आपण समजून घ्यायचं."

"पण तसं म्हटली असती तर मी म्हटलं असतं, नको, थांब थोडं." डोळ्यांत पाणी नव्हतं तरी चैतालीने बाही डोळ्यांवरून फिरवली. "आता मी काय म्हणू? माझे डोळे खरंच नाही दुखत."

सरलाबाईच्या बोटावर टिकली तशीच राहिली आणि गोंद वाळला. उघड मागितलं तर नाही म्हणता येतं. म्हणूनच उघड मागत नाहीत. सासू, नवरा, दीर, सगळ्यांनी आयुष्यभर तिला अशा जागी उभं केलं होतं, जिथे नाही म्हणायला समोर प्रश्नच नसायचा. हे दुसरीतल्या पोरीला कळतं आणि आपण समजूतदार म्हणून मिरवलो. तिला हसू आलं नाही. राग आला, आणि तो बरा वाटला.

त्या दिवसापासून सरलाबाईला काही कळेनासं झालं.

"वर्ष झालं, तुम्ही गावाला गेला नाहीत," नूतन म्हणाली.

"हो. नाही गेले."

"मामा एकटे पडलेत."

"त्याला दोन सुना आहेत. एकटं पडायला त्याला वेळ कुठला."

दगाने गावाकडच्या गाडीचा विषय काढून आपल्या परीने हातभार लावला. "वहिनी, उधन्यानी सकाळनी गाडी आते रिकामीच ऱ्हास."

"बरं झायं. लोकेस्ले बसाले जागा भेटस," सरलाबाई म्हणाली आणि पुढची साडी ओढली.

वहिनीचे कान गेले की डोकं, याचा दगाला अंदाज येईना.

मग त्यांनी शेवटचा उपाय केला. या घरात पाहुण्याला जा म्हणायची रीत नव्हती. निघायचा दिवस ठरवायचा असला की घरचे खापरावरच्या पुरणपोळ्या, म्हणजे मांडे, करत, नवं लुगडं पाटावर ठेवत आणि माळ्यावरची बॅग खाली काढून दाराशी आणत. पाहुणा जेवून उठला की दुसऱ्या दिवशी निघे. आजवर कुणी चुकलं नव्हतं. बुधवारी पलीकडच्या गल्लीतल्या बाईकडून मांडे करून आले, कारण नूतनला खापरावर हात चालवता येत नव्हता. पाटावर अंजिरी साडी. दाराशी बॅग. वाल्मिक कारखान्यातून लवकर आला होता.

सरलाबाईने पान वाढलेलं पाहिलं, साडी पाहिली, बॅग पाहिली. मांडी घालून बसली.

"आज कसाना सन शे?"

"सन नही वहिनी," दगा म्हणाला. "आसंच."

"आसंच बरं ऱ्हास. मंग दर बुधवारले करत जा."

तिने तूप मागितलं. एक मांडा संपवला, दुसरा घेतला. वाल्मिक ताटातल्या साराकडे असा बघत होता, की जणू त्यात काही पडलंय. हात धुवून तिने साडीचा पोत चिमटीत धरून पाहिला. "बरी आहे. दिवाळीला नेसेन. आणि ती बॅग कुणीतरी माळ्यावर टाका रे, येताजाता पायात येते."

नूतनच्या हातातली पळी भांड्यावर आपटली. "तुम्हाला खरंच कळत नाही, की मुद्दाम करताय?"

"काय कळत नाही?"

"मला पार्लर टाकायचंय. क्लास केला मी, सर्टिफिकेट आहे. किती वर्षं दुसऱ्या बाईच्या दुकानात भुवया कोरू? गल्लीवर दार असलेली हीच एक खोली आहे."

"हे तू आज पहिल्यांदा बोललीस."

"अंदाज आलाच असेल ना तुम्हाला."

"आला होता. अंदाजाला मी उत्तर द्यायचं सोडलंय."

"मोठीमाय," वाल्मिक मध्ये पडला, "तिच्या मनात तसं काही नाही. तुझ्याच तब्येतीसाठी..."

सरलाबाई त्याच्याकडे वळली. "तू बोल. मोठीमाय, गावले जाय आन् तठेच ऱ्हाय. आसं बोल माले."

वाल्मिक ताटातलं उष्टं गोळा करू लागला. दगा उठून मोरीकडे गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

"मी बोलते," नूतन म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "जा तुम्ही. भाईदासमामांकडे जाऊन राहा. मला ही खोली पाहिजे."

सरलाबाईने सुनेकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत या घरात तिच्याकडे कुणी काही मागितलं असेल, तर ते हेच पहिलं.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "नाही जाणार. पोर मी वाढवलं, घर मी उभं केलं, आणि काम माझं इथे आहे. गाव मागू नकोस, ते नाही मिळायचं. खोली मागतेस तर खोलीचं बोल."

नूतन बावरली. भांडण होईल, रडारड होईल, एवढंच तिने धरलं होतं. "खोलीचं काय बोलू?"

"तुझ्या बायका यायच्या कधी?"

"दुपारनंतर. चार वाजल्यावर."

"तोवर मी टिकल्या लावीन. मग आत बसेन."

"आणि ती पोटली? गिऱ्हाइकासमोर साड्यांचा ढीग चालणार नाही."

"जिन्याखाली ठेव."

"तिथे सिलिंडर आहे."

"सिलिंडर तुझा आहे. तू बघ."

नूतन भिंतीकडे बघू लागली. मनात ती आरसा लावत होती, हे कुणालाही दिसलं असतं. सरलाबाईलाही दिसलं. पण ती गप्प बसली.

"आरसा या भिंतीला लागेल," शेवटी नूतन म्हणाली. "उजेड इथेच येतो. पण इथे तुमची खाट..."

"पुढे बोल."

"खाट हलवा."

"हलवते," सरलाबाई म्हणाली. "पण आरशाच्या मागे नाही. खिडकीखाली. तिथून मला गल्ली दिसली पाहिजे."

"खिडकीखाली माझी खुर्ची येणार."

"मग बोलू अजून," सरलाबाई म्हणाली, आणि पाट ओढून परत बसली.