मासळीच्या पेटीतून आलेलं औषध

लक्ष्मणभाऊंनी थर्मोकोलची पेटी माझ्या काउंटरवर ठेवली आणि स्वतःच झाकण काढलं. आत बर्फाचा चुरा गच्च भरला होता. त्यात हात घालून त्यांनी सहा व्हायल बाहेर काढल्या. मी एक तिरपी करून पाहिली. आतलं पिवळं औषध हललं नाही. दुसरी घेतली, तिसरी घेतली. सहाच्या सहा गोठल्या होत्या.

"नागपूरपासून मांडीवर धरून आणलं, मॅडम. एसटीत खाली नाई ठेवलं," ते म्हणाले.

मी गडचिरोलीच्या एका रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. लक्ष्मणभाऊ वडशाकडचे, वैनगंगेत मासे धरणारे. त्यांची बायको सुमनबाई आमच्या वॉर्डात होती. साखर खूप वाढलेली, आणि नाकातून डाव्या डोळ्याकडे काळी बुरशी सरकत होती. ही बुरशी डोळ्यामागून मेंदूत जाते. आमचा साठा संपला होता. नागपूरच्या एका स्टोअरने सहा व्हायल द्यायचं कबूल केलं, तेव्हा भाऊ आदल्या दिवशीच निघाले आणि पहिल्या गाडीने परतले.

औषध होतं लायपोसोमल अँफोटेरिसिन. अँफोटेरिसिन बुरशी मारतं, पण साधं दिलं तर किडनीलाही सोडत नाही. सुमनबाईंच्या किडन्या आधीच थकलेल्या. म्हणून हे औषध चरबीच्या अतिशय बारीक फुग्यांत बसवलेलं असतं. लायपोसोम म्हणजे तो फुगा. रक्तातून जाताना तो औषध धरून ठेवतो, बुरशीपाशी सोडतो. पण औषध गोठलं की बर्फाचे कण फुगे फाडतात.

डॉ. मडावी वॉर्डातून खाली आले. ते वाटच बघत होते.

"वितळू द्या ना. तासाभरात पातळ होईल."

"पातळ होईल, सर. फुगे परत जुळणार नाहीत."

"दोन दिवस वाया गेलेत. आज डोस नाही दिला तर काय होईल, माहीत आहे ना?"

"हो. आणि हा दिला तर किडनीचं काय होईल, हे मी सांगू शकत नाही."

तोवर एक व्हायल वितळली होती. मी ती उजेडात धरली. काचेला आतून बारीक गुठळ्या चिकटल्या होत्या. डॉक्टरांनी ती हातात घेतली, पाहिली आणि टेबलावर ठेवली.

आता भाऊंना सांगायचं होतं.

"भाऊ, बर्फात आणखी काही टाकलं होतं का?"

"मीठ टाकलं ना. मिठानं बर्फ जास्त गार होते. मासोळीले आमी तसंच करतो." माझ्या चेहऱ्याकडे बघून ते थांबले. "काऊन? चुकलं का काही?"

फोनवर मीच म्हणाले होते, 'बर्फात ठेवून आणा.' त्यांनी ते ऐकलं, आणि वर स्वतःला येत होतं तेवढं सगळं केलं. मी त्यांना बाकावर बसवलं. औषध गोठून खराब झालंय आणि चूक माझ्या सांगण्यात झाली, असं सरळ सांगितलं.

त्यांनी पेटीचं झाकण परत लावलं. "म्हणजे आता सुई नाई?"

"आत्ता नाही."

"तिचा दुसरा डोळा चांगला आहे, मॅडम. तेवढा तरी..."

मी नागपूरला फोन लावला. "सकाळीच तर नेल्या!" पलीकडचा माणूस वैतागला. काय घडलं आणि कोणामुळे, ते मी त्याला सांगितलं. चार व्हायल आहेत म्हणाला.

आमची गाडी कोरचीकडे गेली होती. मी अटेंडंटला पाठवते म्हटलं, तर भाऊ उठले. "मीच जातो. पण यावेळी मले नीट समजवून सांगा."

मी लसीचा डबा काढला. आइसपॅक फ्रीझरमधून काढल्यावर त्याला घाम सुटू द्यायचा. हलवला की आत पाणी वाजलं पाहिजे, मगच डब्यात. व्हायल पुठ्ठ्यात गुंडाळायच्या, पॅकला चिकटू द्यायच्या नाहीत. थर्मामीटर दोन ते आठ अंशांच्या मध्ये.

"आठाच्या वर गेलं त?"

"मला फोन करा."

"अन् दोनाच्या खाली?"

"तरी फोन करा."

नागपूरच्या स्टोअरने पॅक बदलून दिले. परतीच्या वाटेवर दर थांब्यावर त्यांचा फोन आला. "भिवापूर, पाच." "नागभीड, सहा." "आरमोरी, सहाच हाय." संध्याकाळी साडेसातला सिस्टरने ड्रिप सुरू केली. भाऊ पलंगाच्या पायथ्याशी उभे होते.

पुढचा साठा दोन दिवसांत आला. सुमनबाईंचा डावा डोळा नंतर नागपूरला काढावा लागला. उजवा शाबूत आहे, किडन्याही सावरल्या. डावा आमच्याकडे येण्याआधीच गेला होता, असं डॉ. मडावी म्हणतात. मी ते मानते, पण त्या सकाळपासून ड्रिप लागेपर्यंतचे नऊ तास मनातून जात नाहीत.

घटनेचा रिपोर्ट मीच लिहिला. कारणाच्या रकान्यात 'सूचना अपुरी' लिहून खाली स्वतःचं नाव टाकलं. औषध शरीरात कुठे पोचवायचं, याची सोय संशोधकांनी केली आहे. नागपूर ते गडचिरोली ही वाट मात्र आमची आहे. हल्ली औषध देताना "समजलं का?" असं मी विचारत नाही. सगळे हो म्हणतात. "कसं न्याल ते सांगा," म्हणते, आणि शेवटपर्यंत ऐकून घेते.